दाखवायचं घर

९ जानेवारी

ताईस नमस्कार.

फोनवर आपण बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला तू फोन आपटतेस, म्हणून हे पत्र. कागद आपटला तरी आवाज होत नाही.

आई गेली त्याच आठवड्यात तू म्हणाली होतीस, ‘घर विकून टाक, माझं काही अडलेलं नाही.’ त्या बोलण्याचा सूर मी ओळखला होता, म्हणून विषय पुढे ढकलला. आता वर्ष होत आलं. रिकामं घर पोसणं परवडत नाही. (तू राहतेस, हे मला माहीत आहे. लगेच पेन उचलू नकोस.)

मी इतकी वर्षं सोफे विकतो आहे. गिऱ्हाईक सोफा बघत नाही, त्यावर बसलेलं स्वतःला बघतं. घराचंही तेच. तेव्हा बाहेरच्या खोलीपासून मागच्या खोलीपर्यंत भिंती पांढऱ्या करून घे. बाबांचे आणि आईचे फोटो उतरव. दुसऱ्याच्या मेलेल्या माणसांकडे बघत कोणी घर घेत नाही. आईचा पलंग काढून टाक. तुझं शिलाई मशीन मागे ने, पुढची खोली शिंप्याचं दुकान वाटते. मागच्या खोलीतल्या ओलीसमोर कपाट सरकव, म्हणजे प्रश्न मिटला.

पैसे पाठवले आहेत. हात राखून खर्च कर. सुतार वगैरे बोलावत बसू नकोस. तुझी भावजय म्हणते, चकचकीत नळ बसवला तर स्वयंपाकघर नवं दिसतं. नळ एकच बसव.

तुझा भाऊ


१७ जानेवारी

चि. राजास,

आई तुला राजा म्हणायची. सिंहासनावरून उतरलेला मी तुला आजवर पाहिला नाही, म्हणून तेच चालू ठेवते. आशीर्वाद आईकडचे शिल्लक आहेत ते पाठवते, माझे नाहीत.

तुझ्या पैशांत बाहेरची खोली आणि अर्धा बोळ होतो. उरलेला अर्धा बोळ गिऱ्हाइकाने डोळे मिटून ओलांडावा, असा तुझा बेत असेल. रंगारी रंगापेक्षा तोंड जास्त चालवतो. भिंती खरवडायचे वेगळे पैसे मागायला लागला, तेव्हा त्याला ‘रंगापुरता ये’ सांगितलं आणि स्वयंपाकघरातलं उलथणं घेऊन स्वतः खरवडत बसले. दोन दिवस नाकातून पांढरं येत होतं. उलथणं मोडलं. त्याचे पैसे तुझ्याकडे मागत नाही, घाबरू नकोस.

आईचा पलंग दारातून बाहेर निघेना. बाबांनी तो खोलीतच जोडला होता, हे तुला आठवायचं कारण नाही. शेजारच्या गादीवाल्याच्या कारखान्यातली चार माणसं आली आणि ज्या पलंगावर आई गेली त्याचे पाय करवतीने कापले. मी उभी राहून बघितलं. कोणीतरी बघायला हवं होतं आणि तू नव्हतास, नेहमीप्रमाणे.

त्या कामाच्या बदल्यात गादीवाल्याने पुन्हा विषय काढला. त्याला हे घर गोदामाला हवंय. किंमत मात्र गोठ्याची सांगतो. त्याला दारातूनच वाटेला लावलं.

मशीन हलणार नाही. त्याच्यावर मी शाळेचे गणवेश शिवते आणि त्यावर जेवते. तुझं गिऱ्हाईक स्वतःला सोफ्यावर बघू दे, नाहीतर आरशात. मला एवढंच कळतं की घर लवकर विक. बऱ्या किमतीला जो पहिला ‘हो’ म्हणेल त्याला देऊन टाक.

ताई


१८ जानेवारी

औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुम्ही दुकानावरच्या दोन खोल्या दाखवल्यात. मी फारसं बोलले नाही, म्हणून आवडल्या नाहीत असा तुमचा समज झाला असेल. मला त्या विकत हव्या आहेत. पुढच्या खोलीत रस्त्यावरची खिडकी आहे. तिच्याखाली मशीन ठेवलं तर दिवा न लावता संध्याकाळपर्यंत सुई ओवता येईल, हे मी तिथे उभी असतानाच ठरवून टाकलं. नळ आत आहे, जिना स्वतंत्र आहे. मी पन्नाशी ओलांडली आणि माझ्या नावाचं दार मला अजून माहीत नाही.

पैसे आमचं घर विकलं की माझ्या वाट्यातून देईन. त्याला थोडा वेळ लागेल. तोवर तुम्ही खोल्या दुसऱ्या कोणाला देऊ नका, एवढीच विनंती.

आणखी एक. माझा भाऊ कधी तुमच्या गावी चौकशीला आला, तर यातलं काही बोलू नका. तो पोटापाण्यासाठी वस्तू विकतो. समोरच्याला गरज आहे हे कळलं की त्याचा आवाज बदलतो. मी घाईत आहे हे त्याला समजलं, तर माझ्या वाट्याला काय येईल ते मला आत्ताच दिसतंय.

आपली,
गणवेश शिवणारी


२५ जानेवारी

बाई,

तुमचं पत्र दुकानातल्या गर्दीत उभ्यानेच वाचलं. दातांचे एक डॉक्टर पुढच्या खोलीसाठी माझ्या मागे हात धुऊन लागले आहेत. पण तुम्ही खोलीत आल्या आल्या खिडकीपाशी गेलात आणि गज हलवून बघितलेत, ते मला आवडलं होतं. डॉक्टरांनी आधी छपराला नावं ठेवली.

एप्रिल संपेपर्यंत थांबते. त्यापुढे नाही. माझ्याही डोक्यावर कर्ज आहे. तुमच्या भावाला मी ओळखत नाही आणि ओळखणारही नाही.

दुकानाची मालकीण


११ फेब्रुवारी

ताई,

फोटो मिळाले. पडदे कोणी सांगितले होते? मला वाटलं विकत आणलेस, लगेच हिशेबाची वही काढली. मग तुझ्या भावजयीने सांगितलं की हे गणवेशाचे उरलेले तुकडे जोडून केलेत. शिवण दिसत नाही. बरे आहेत.

कपाट मात्र ओलीसमोर दिसत नाही. का?

एक गोष्ट लिहितो, चिडू नकोस. फरशीचा फोटो मी बराच वेळ बघत होतो. कोपरे सुद्धा घासलेस. खिडकीच्या कड्या घासल्यास. जिथे गिऱ्हाईक वाकून बघणारही नाही तिथेही तुझा हात फिरलाय. विकायच्या घराला कोणी इतकं जपत नाही, ताई. तू वरून कितीही फणकारलीस तरी मी तुला ओळखून आहे. त्या घरातून पाय काढणं तुझ्या जिवावर आलंय.

वाटल्यास आणखी थोडे दिवस घे. माझी ओढाताण होईल, पण मी काढीन कसेतरी.

भाऊ


१९ फेब्रुवारी

राजे,

फरशीवर माया नाही, साबण आहे. बाजारातला सगळ्यात स्वस्त. घाण घर कोणी घेत नाही असं मलाही वाटतं आणि दुसऱ्याच्या पैशावर अर्धवट काम करून द्यायची मला सवय नाही. ती सवय कोणाला आहे ते मी लिहीत नाही.

ओलीसमोर कपाट लावलं नाही, कारण ओल राहिलेली नाही. गच्चीवरचा पाइप सांध्यात फुटला होता. नळवाल्याला घेऊन मी स्वतः वर चढले, त्याच्या हातात पाना देत उभी राहिले. एका दिवसाचं काम होतं. तू दर खेपेला आलास की त्या भिंतीकडे बघून ‘हे बघायला हवं’ म्हणायचास आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसायचास. आई त्या भिंतीशेजारी खोकत झोपायची. कपाट लावायचं होतं तर तेव्हा तुझ्या तोंडासमोर लावायला हवं होतं.

आणि ‘जिवावर आलंय’ हे तुला कोणी सांगितलं? स्वयंपाकघरातला ओटा बाबांनी आईच्या उंचीचा केला. मी आईपेक्षा वीतभर उंच आहे. माझी कंबर त्या ओट्याने खाल्ली. बोळातून जाताना माझा खांदा कुठे घासतो, ते मला अंधारात सांगता येईल. मला त्या घराचा वीट आलाय. पुन्हा लिहिते, वीट आलाय.

दिवस नको आहेत. गिऱ्हाईक पाठव.

ताई


१२ मार्च

मालकीणबाई यांस,

तुम्हाला लगेच कळवावं म्हणून आजच लिहिते. काल भावाने पाठवलेलं गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको दोघं चष्म्याचं दुकान चालवतात. दोघंही वस्तू डोळ्यांशी नेऊन बघतात. मी त्यांना एकही गोष्ट लपवून दाखवली नाही. ओल कुठे होती, कुठलं दार पावसाळ्यात फुगतं, ओटा कसा ठेंगणा आहे, सगळं सांगितलं. त्या बाई माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या. ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, ‘अहो, हा तर माझ्या मापाचाच आहे.’

निघताना ते म्हणाले, ‘आम्हाला पसंत आहे. तुमच्या भावाला आजच कळवतो. किंमतही त्यांनी सांगितली तीच.’

मालकीणबाई, मी त्यांच्यासमोर रडले. बांध फुटल्यासारखी. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मला आनंदाने रडायची सवय नाही, म्हणून थांबवता येईना. काय झालं विचारलं तर मी नुसती मान हलवली.

खोलीच्या खिडकीचं माप घ्यायला येत्या रविवारी आले तर चालेल का? पडदा आधीच शिवून ठेवीन म्हणते.

आपली,
गणवेश शिवणारी


२० मार्च

प्रिय ताई,

हे पत्र नीट बसून वाच.

चष्मेवाल्यांचा फोन आला होता. घर पसंत आहे म्हणाले. मग त्या बाई हळूच म्हणाल्या, ‘तुमच्या बहिणीचं मात्र बघवत नव्हतं हो. एकेक भिंत हात लावून दाखवली आणि शेवटी हमसून हमसून रडल्या.’

मी तसाच ताटावरून उठलो.

ताई, आपल्या घरात कधी कोणी काही सरळ मागितलं का? आईला ‘अजून वाढू?’ विचारलं की ‘नको’ म्हणायची आणि ताट पुढे सरकवायची. बाबांनी नव्या कोटाला ‘कशाला, नको’ म्हणत बाहीत हात आधीच घातलेला असायचा. पाहुण्याने दोनदा विचारायचं आणि आपण दोनदा नाही म्हणायचं, मग तिसऱ्यांदा घ्यायचं. अशीच शिस्त होती आपली. एका विचारण्यावर हो म्हणणाऱ्याला आई हावरट म्हणायची. तू तिचीच लेक. तू ‘विक, विक’ म्हणत राहिलीस आणि मी मूर्खासारखा तुझा शब्द धरून बसलो.

मी चष्मेवाल्यांना नाही म्हणून कळवलं. घर विकायचं नाही. माझा वाटाही मी मागत नाही, तू हयात आहेस तोवर त्या घरात राहा. तुझी भावजय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिला नवं दुकान काढायचं होतं. ते राहू दे. आभार मानू नकोस. मला माहीत आहे, तू आधी ‘नको’ म्हणशील.

तुझाच,
राजा


२४ मार्च

तुला काय म्हणून हाक मारावी ते सुचत नाही, म्हणून तशीच सुरुवात करते.

तुझं पत्र आलं तशी पायात चप्पल अडकवून चष्म्याच्या दुकानात गेले. त्यांनी दोन दिवसांपूर्वी दुसरीकडे बयाणा दिला. ‘तुमच्या भावाने इतकं मनापासून सांगितलं की आम्हालाच अपराध्यासारखं झालं,’ म्हणाले. फार चांगली माणसं. माझे डोळे फुकट तपासून देतो म्हणाले. माझे डोळे ठीक आहेत. तुझे तपासून घे.

मी आनंदाने रडले होते. ऐकलंस? सुटले म्हणून रडले. औषधांच्या दुकानावर दोन खोल्या बघून ठेवल्यात मी, जानेवारीपासून. त्यांच्यासाठी उलथण्याने भिंती खरवडल्या, गच्चीवर चढले, कोपरे घासले. मुदत एप्रिलअखेरची आहे. तुला सांगितलं नाही, कारण तू माझी घाई बाजारात मांडली असतीस. मला वाटलं होतं, तू मला फसवशील. तू उपकार करशील, हे ध्यानीमनी नव्हतं.

आपल्या घरची शिस्त मला शिकवतोस? मग ऐक. मला शिवणकामाच्या शाळेत जागा मिळाली होती, दुसऱ्या गावी, वसतिगृहासकट. आईच्या पायांचं दुखणं नुकतंच सुरू झालं होतं. बाबांनी विचारलं, ‘जातेस?’ मी म्हटलं, ‘नको, आईला कोण बघेल.’ आणि मी वाट बघत राहिले. आपल्याकडे दोनदा विचारतात ना? बाबांनी विचारलं नाही, आईने नाही. तू तिथेच बसून तुझी बॅग भरत होतास, तुझी गाडी होती. मान वर करून एकदा म्हणाला असतास, ‘ताई, जा की, मी आठवड्याला येत जाईन,’ तर मी गेले असते. तुला तेव्हा माझा ‘नको’ अगदी सरळ ऐकू आला. कारण तो तुझ्या सोयीचा होता.

आणि आता, आयुष्य त्या ओट्यावर वाकून गेल्यावर, मी घसा फोडून ‘विक’ म्हणते तेव्हा तुला त्यात ‘नको’ ऐकू येतो. तेव्हाही तूच मोकळा झालास, आताही मोठेपणा तुझाच.

मला तुझा वाटा नको, तुझं घर नको, तुझी दया तर मुळीच नको. मला माझे अर्धे पैसे हवेत. गिऱ्हाईक आण. कुठूनही आण. तू बिघडवलंस, तू निस्तर.


१६ एप्रिल

ताई,

इतकं जहाल पत्र मला आजवर कोणी लिहिलेलं नाही. सांगितलं असतंस तर? एक ओळ लिहिली असतीस तर? मी बाजारात मांडलं असतं म्हणतेस. इतका नीच वाटतो मी तुला? तू मला गुन्हेगार ठरवून बसलीस आणि मग मी गुन्हा करण्याची वाट बघत राहिलीस.

बॅगेचं मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे झालं नाही असं मी म्हणत नाही.

गिऱ्हाइकं शोधली. एकाला कर्ज मिळत नाही, दुसऱ्याला घर पूर्वेकडे तोंड करून हवं. शेवटी गादीवाल्याशी बोललो. तो अजून तयार आहे. भाव पाडून मागतो, ते तुला माहीत आहे. जेवढा कमी पडेल तेवढा माझ्या वाट्यातून जाईल, तुझा वाटा चष्मेवाल्यांच्या किमतीप्रमाणेच मिळेल. हा उपकार नाही. दंड समज. पण कागद व्हायला मे उजाडेल. त्याच्या आत होत नाही, मी पाया पडून बघितलं.

भाऊ


२ मे

बाई,

तुमचं पत्र मिळालं. तुमचा आणखी तीन आठवड्यांचा निरोप वाचून मी विचार केला, खरंच केला. पण डॉक्टर रोख घेऊन दारात उभे होते आणि बँकेचा माणूस त्यांच्या मागे. पुढची खोली त्यांना दिली. मागची तुमच्यासाठी राखली आहे. ती त्यांना नको होती, कारण तिला रस्त्यावरची खिडकी नाही, जिन्याकडे एक झरोका आहे. नळ त्याच खोलीत राहील. किंमत अर्थातच कमी. घ्यायची सक्ती नाही.

तुम्ही पडद्याचं माप घेऊन गेला होतात, ते मी विसरलेली नाही.

दुकानाची मालकीण


८ जून

राजास,

पैसे पोचले. कागदांवर सह्या झाल्या, साक्षीदाराची तुझ्या बायकोने कोरा चेहरा करून केली; तिचं नवं दुकान तुझ्या दंडात गेलं, आणखी कशी करणार होती? मी निरोप घ्यायला थांबले नाही, म्हणून रागावलास असं ऐकलं. बरं केलं, आणखी थांबले असते तर काहीतरी बोलले असते.

गादीवाला घर बघायला आला, तेव्हा त्याने भिंतीकडे ढुंकून पाहिलं नाही. फितीने दार मोजलं, टेम्पो मागे घेता येतो का विचारलं आणि गेला. काल गणवेश पोचवायला त्या रस्त्याने गेले होते. माझ्या पांढऱ्या खोलीत छतापर्यंत कापसाचे गठ्ठे लागलेत. पडदे त्याने काढलेले नाहीत. त्यांच्यावर कापसाची धूळ बसायला लागली आहे. तुझं गिऱ्हाईक स्वतःला तिथे कुठे बघतं, देव जाणे.

मला मागची खोली मिळाली. दिवसाही दिवा लावल्याशिवाय सुई ओवता येत नाही. मशीन दाराशी ठेवलंय, दार अर्धंच उघडतं. पलीकडून दात कोरल्याचा आवाज येतो. ज्या खिडकीखाली मी बसणार होते तिथे आता लोक तोंड उघडून आडवे होतात. ती खिडकी तू घालवलीस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही आणि तूही विसरू नकोस. तुझा दंड मी घेतला, माफी दिलेली नाही.

इकडे येऊ नकोस. खोलीत दुसरी खुर्ची नाही, आणि मी ती आणणार नाही.

बाकी ठीक आहे. काल दुपारी जेवले, भांडी तशीच ठेवली, दाराला आतून कडी लावून आडवी झाले. संध्याकाळपर्यंत मला कोणी उठवलं नाही.

ताई